व्यक्ती दोनचा सोमवार

गोकुळ शिरगावच्या त्या फौंड्रीत आताशा कुणी कुणाला वय विचारत नसे. झीज विचारत.

"काय यशवंतदा, किती मिनिटं जाळलीस आज?" यशवंत बसमधून उतरला रे उतरला की सर्जेराव विचारायचा. सर्जेराव साच्यांच्या खात्यात होता आणि फाटकासमोरच राहायचा. त्याची प्रवासाची झीज चार मिनिटं भरली होती. तीसुद्धा, तो म्हणायचा, बायको फाटकापर्यंत सोडायला येते म्हणून.

यशवंत रेडेकर हसून पुढे जायचा. तो भट्टीवर पाळीप्रमुख होता. वय सत्तावन्न. वितळलेल्या लोखंडाचा रंग बघून ओतायची वेळ झाली की नाही हे तो सांगायचा, आणि भट्टीवरचा संगणक बहुतेक वेळा त्याच्यामागून तेच सांगायचा. राहायला तो गारगोटीच्या पलीकडे तांबळेवाडीला होता. पहाटे पावणेपाचला मोटारसायकलने गारगोटी, तिथून कंपनीची बस. एका बाजूने अठ्ठावन्न किलोमीटर. सव्वीस वर्षं हेच.

झीज मोजायला केस लागत. केस दिवसाला मिलिमीटरचा साधारण तिसरा हिस्सा वाढतो. वाढताना मुळाशी रक्तातून जे काही येतं, ते त्यात अडकून बसतं. शरीरावर ताण आला, झोप कमी झाली, की रक्तातली काही द्रव्यं वाढतात, पेशी जास्त मरतात, आणि त्याची नोंद त्या दिवसाच्या केसात राहते. केस एकदा बाहेर आला की आतली नोंद सहसा बदलत नाही. पूर्वी केसांची पूड करून महिन्याभराचा ढोबळ अंदाज काढत. आता केसावरून प्रकाशाची एक अगदी बारीक रेघ फिरवतात आणि दिवस न् दिवस वाचतात. विसाव्याच्या दिवशी शरीर जेवढं झिजतं, त्याहून किती जास्त झिजलं, ते मिनिटांत सांगतात. त्यातून त्याच भट्टीवर काम करणाऱ्या, पण जवळ राहणाऱ्या माणसाची झीज वजा केली की उरते ती वाटेची.

यंत्र असं म्हणत नाही की तू इतकी मिनिटं आधी मरशील. ते एवढंच सांगतं की तुझं शरीर आज गरजेपेक्षा इतकी मिनिटं जास्त जुनं झालं. पण लोकांनी त्याचा अर्थ लावायचा तो लावला होता.

मग नियम आला. ज्याची वाटेची झीज दिवसाला नव्वद मिनिटांच्या वर, त्याला भट्टीसारख्या जोखमीच्या कामावर ठेवता येणार नाही. एक तर त्याने आठ किलोमीटरच्या आत राहायला यावं, नाहीतर हलकं काम घ्यावं.

मनुष्यबळ खात्याच्या नलवडे साहेबांनी यशवंतला बोलावून खुर्ची दिली. खुर्ची दिली तेव्हाच त्याने ओळखलं.

"रेडेकर, तुमच्यासाठी क्वार्टर ठेवलंय. दोन खोल्या, तिसरा मजला, लिफ्ट आहे. फाटकापासून चालत दहा मिनिटं. तीस तारखेपर्यंत सही करा."

"आणि नाही केली तर?"

"तर एक तारखेपासून गोदामात. पगार तोच."

"गोदामात काय करू मी? नटबोल्ट मोजू?"

"मोजायचं काम आता यंत्र करतं. तुम्ही यंत्राकडे बघायचं." साहेब जरा ओशाळले. "तुमचे केस अजून आले नाहीत. ते पाठवा आधी. कदाचित नव्वदच्या आत बसाल."

"साहेब, माझं घर तिकडं आहे," यशवंत म्हणाला. "उज्ज्वलाची शाळा तिकडं होती म्हणून राहिलो आम्ही."

उज्ज्वला त्याची बायको. चौदा महिन्यांपूर्वी मेंदूत रक्तस्राव होऊन दोन दिवसांत गेली. गावच्या संस्थेच्या शाळेत ती पंचवीस वर्षं शिकवत होती. संस्थेची शाळा, त्यामुळे बदली नाही. ती हलू शकत नव्हती म्हणून तो रोज जाऊन-येऊन करत होता, हे सगळ्या फौंड्रीला ठाऊक होतं. साहेबांनाही. त्यांनी केसांसाठीचं कोरं पाकीट त्याच्या हातात दिलं.

*

केसांचं पाकीट दहा दिवस तसंच कपाटावर पडून होतं. शेवटी रविवारची सुट्टी धरून स्वरांजली आली. यशवंतची एकुलती एक मुलगी. कोल्हापुरात राजारामपुरीत राहायची. हाडांच्या दवाखान्यात लोकांना व्यायाम शिकवायचं काम करायची, त्यामुळे बापालाही 'पाठ सरळ, मान वर' असं दारातूनच ऐकवायची. शनिवारी रात्री आली ती मुक्कामालाच. रविवारी बाप कामावर गेला, आला, तोवर ती कात्री घेऊन बसली होती.

"आप्पा, बसा इथं. वीस केस लागतात."

"वीस? डोक्यावर तेवढे असले तर बघ."

मागच्या बाजूचे बारा तिने मुळापासून कापले. तेराव्याला यशवंत ओरडला.

"अहो, कापतेय, उपटत नाही!"

"मला उपटल्यासारखं वाटतंय. बास. चहा टाक."

पाकिटावर लिहिलं होतं की विंचरताना गळलेले केसही चालतील. यशवंत हातपाय धुवायला न्हाणीत गेला तेवढ्यात तिने मागल्या दाराच्या आरशापाशी अडकवलेला कंगवा काढला, दात्यांत गुंतलेला केसांचा पुंजका ओढला आणि तसाच पाकिटात टाकला. चहा उतू चालला होता.

आठ दिवसांनी आकडा आला. एक तास बावन्न मिनिटं.

स्वरांजलीने फोनवरच हिशेब केला. वर्षाचे तीनशे दिवस, सव्वीस वर्षं. "आप्पा, वीस महिने होतात. वीस महिने तुम्ही वाटेवर झिजलात."

"आकडा आहे नुसता."

"आकडा कसा? शरीर आहे ते. आणि कशासाठी, तर आईला तीच शाळा पाहिजे म्हणून. तिला कधी वाटलं नाही, ह्या माणसानं पावणेपाचला गव्यांच्या रस्त्यानं जायचं, कधी ना कधी आपण हलावं? आईनं तुमचे वीस महिने खाल्ले."

"स्वरा."

"आणि अजून तुम्ही तिच्यापायी तिथंच बसणार. खरं आहे ते बोलतेय मी. मला रडू येतंय, राग नाही हा." तिने फोन ठेवला. राग होताच.

यशवंतने फोन कपाटावर ठेवला. तेव्हाच त्याने एक गोष्ट सांगायला हवी होती. कागलच्या एका शाळेत एकदा जागा निघाली होती. कागलहून फौंड्री अगदी हाकेवर. उज्ज्वलाने अर्ज भरून, फोटो चिकटवून ठेवला होता. "राहू दे," तो म्हणाला होता. "मला काय त्रास नाही. सवय झालीय." त्याला तांबळेवाडीचं घर आवडायचं. परड्यातलं फणसाचं झाड, सोमवारी सकाळी वडाखाली जमणारे चार जण, स्वतःच्या विहिरीचं पाणी. कागलात भाड्याच्या खोलीत राहायचं त्याच्या जिवावर आलं होतं. तिने अर्ज फाडला, आणि मागची कोरी बाजू वाणसामानाच्या यादीला वापरली.

पुढे लोक 'बायकोसाठी एवढी धावपळ करतो' म्हणायला लागले, तेव्हा त्याने कुणाला दुरुस्त केलं नाही. ती गेल्यावर तर नाहीच. आता मुलगी आईला बोल लावत होती आणि तरीही त्याने कागलचं नाव काढलं नाही.

*

दोन दिवसांनी कोल्हापूरच्या प्रयोगशाळेतून फोन आला. रेहाना मुल्लाणी नावाची मुलगी बोलत होती.

"काका, तुमच्या पाकिटात दोन माणसांचे केस निघाले. व्यक्ती एक तुम्ही. व्यक्ती दोन बाई आहेत. लांब केस, बासष्ट सेंटिमीटर. आमच्या यंत्रानं सगळे वाचले. पण दुसऱ्याचा अहवाल आम्ही कुणाला देऊ शकत नाही. कुणाचे आहेत ते?"

यशवंतला कळायला क्षणभर लागला. मग त्याला कंगवा आठवला. त्या कंगव्याने तो रोज विंचरायचा, पण तो साफ करणं त्याच्याने चौदा महिने झालं नव्हतं.

"माझ्या बायकोचे. ती वारली."

"अरे देवा. सॉरी काका. मग पुसून टाकू का?"

"नको," तो घाईने म्हणाला. "मी येतो. सोमवारी सुट्टी असते मला."

सोमवारी तो दवाखान्याचे कागद आणि मृत्यूचा दाखला घेऊन गेला. रेहाना वाटली होती त्याहून लहान होती, डोक्याला रुमाल, पायांत बुटांऐवजी स्लिपर. तिने कागद तपासले, सही घेतली आणि भिंतीवरच्या पडद्यावर एक लांबच लांब पट्टी लावली. डावीकडून उजवीकडे चढउतारांची रेघ.

"बासष्ट सेंटिमीटर म्हणजे पाच वर्षांहून थोडं जास्त," ती म्हणाली. "शेवटचे दोन-तीन महिने यात नाहीत. केस गळण्याआधी तेवढे दिवस त्याची वाढ थांबलेली असते."

म्हणजे शेवटचे दोन दिवस यात नव्हते. यशवंतला बरं वाटलं.

"काकी काय करायच्या?"

"शाळेत होती. मराठी शिकवायची."

"मग तर आणखीच गोंधळ आहे. हे बघा, सहा दिवस वर, सातव्या दिवशी खाली. परत सहा दिवस वर. असं पाच वर्षं. नोकरी करणाऱ्या सगळ्यांचं असंच असतं, सुट्टीच्या दिवशी उतार. मी आपली रविवार धरून तारखा लावत गेले. पण मध्ये इथं मोठा ताप दिसतोय."

"डेंग्यू. तीन वर्षांपूर्वी."

"त्याच्या तारखा तुमच्या ह्या कागदांत आहेत. त्या लावल्या तर रविवार बसत नाही. उतार एक दिवस पुढं जातो. पाच-सहा केस एकावर एक ठेवून बघितले, तेच. रविवारी ह्या वरच आहेत. आराम पडतो तो सोमवारी." तिने पेनाने एक खड्डा दाखवला. "आणि मे महिना बघा. शाळेला सुट्टी असेल ना? तरीही सहा दिवस वर. वर म्हणजे दिवसाला एक तास पस्तीस मिनिटं. सोमवारी शाळेत काही वेगळं असायचं का?"

यशवंतने पट्टीकडे बघितलं. गोकुळ शिरगावची वीज सोमवारी बंद ठेवायची पद्धत फार जुनी. विजेचा तुटवडा संपला, पण कारखान्यांची सुट्टी सोमवारचीच राहिली.

"शाळेत नाही," तो म्हणाला. "सोमवारी मी घरी असायचो."

रेहानाने पेन खाली ठेवलं. मग तिने आवाज खाली आणला. "काका, एक सांगते, आम्हाला सांगावंच लागतं. केस किती ते सांगतो, का ते सांगत नाही. पहाटे डबा करायला उठणं असेल, झोप अपुरी असेल, काळजी असेल. आम्ही त्यावर काही लिहून देत नाही."

"तुम्ही नका लिहू," यशवंत म्हणाला. "मला कळलं."

पावणेचारला उठून ती डबा करायची. तो "झोप तू, मी बाहेर खातो" म्हणायचा आणि ती "मला जागच येते" म्हणायची. संध्याकाळी तो मोटारसायकल लावायचा तेव्हा ती ओट्यावर वह्या तपासत बसलेली असायची. त्याला वाटायचं, हिला वह्यांशिवाय काही सुचत नाही. ओट्यावर उजेड कमी आहे, आत बस, असं तो कितीदा तरी बोलला होता. ओट्यावरून रस्ता दिसायचा.

सव्वीस वर्षं तो समजत होता की वाट आपण एकटे तुडवतोय.

*

प्रयोगशाळेतून तो थेट राजारामपुरीत गेला. स्वरांजली दवाखान्यातून नुकतीच आली होती. दार उघडून तिने बापाकडे बघितलं आणि फोनवरचं भांडण आठवून तिचा चेहरा कसनुसा झाला.

"आप्पा, त्या दिवशी मी..."

"आधी माझं ऐक. मग चहा." तो पायताण काढून खुर्चीवर टेकला. "कागलच्या शाळेत तुझ्या आईला जागा मिळत होती. तू नववीला होतीस. तिनं अर्ज भरला होता. मी नको म्हटलं. मला घर सोडायचं नव्हतं. शाळेचं कारण माझं होतं, तिचं नव्हतं. समजलं?"

स्वरांजली उभीच राहिली. "मग हे इतकी वर्षं..."

"लोकांना सांगायला बरं वाटायचं. मलासुद्धा."

"आणि मी तिला..." तिने तोंडावर हात धरला.

"तू काय बोललीस ते माझ्यामुळे बोललीस. ते मला लागू झालं, तिला नाही. आता हे बघ." त्याने कागदाची लांब गुंडाळी टेबलावर उलगडली आणि दोन टोकांवर मिठाची बरणी आणि तिचा फोन ठेवला. सोमवारची गोष्ट त्याने जशी कळली तशी सांगितली. ऐकताना मुलगी पट्टीवर बोट फिरवत राहिली. तिचं बोट एका खड्ड्यावरून दुसऱ्या खड्ड्यावर जात होतं.

"आप्पा," ती अचानक म्हणाली, "हे काय आहे?"

पट्टीच्या मधोमध एक जागा होती. आधी दोन दिवस रेघ एकदम वर, कागदाच्या कडेला लागेपर्यंत. मग ती खाली आली आणि खालीच राहिली. ना चढ, ना सोमवार. चाळीस दिवस सपाट. पाच वर्षांत आईला एवढा सलग आराम कुठेच नव्हता.

"कुठं फिरायला गेला होता काय तुम्ही दोघं? मला न सांगता?"

"चाळीस दिवस? मला कोण सोडतंय." यशवंतने चष्मा कपाळावरून खाली ओढला. कडेची तारीख वाचली. सप्टेंबरची सुरुवात. त्याने परत वाचली आणि त्याच्या पोटातून हसू उसळलं.

"काय झालं? आप्पा?"

"गवा," तो म्हणाला. "अगं, गवा आडवा आला नव्हता काय!"

त्या सप्टेंबरात पाटाच्या वळणावर पहाटे एक गवा रस्त्यात उभा होता. यशवंतने मोटारसायकल वळवली ती थेट चरात. उजवा पाय मोडला. साडेपाच आठवडे प्लास्टर घालून तो घरी पडून होता.

"पण तेव्हा तर तिचे हाल झाले!" स्वरांजली म्हणाली. "मी सुट्टीला आले होते ना. तुम्हाला उठवायचं, बसवायचं, भांडं द्यायचं, त्यात शाळा. दिवसभर तुमच्यावर ओरडत होती. 'एवढा मोठा गवा दिसत नाही, भट्टीतला रंग बरा दिसतो!'"

"शेजारच्या आळीला ऐकू जायचं."

"आणि इथं बघा! शांत! नुसती शांत!"

दोघंही हसत सुटले. स्वरांजलीला हसता हसता रडू आलं आणि रडता रडता परत हसू. तिचा नवरा ऋतुराज कामावरून आला तेव्हा सासरा आणि बायको मिठाच्या बरणीवर हात ठेवून डोळे पुसत बसलेले त्याला दिसले. काय झालं विचारल्यावर बायको म्हणाली, "आप्पांचा पाय मोडला." तो बिचारा घाबरून सासऱ्याच्या पायांकडेच बघायला लागला.

जेवण झाल्यावर यशवंत म्हणाला, "क्वार्टर घेतो मी."

स्वरांजलीने जपून विचारलं, "आणि घर?"

"घर कुठं पळतंय. तिच्या जागेवर त्या नवीन बाई आल्यात ना, प्रणोती कांबळे. त्या कोल्हापुरातून रोज तांबळेवाडीला येतात. संध्याकाळी मी इकडून तिकडं, त्या तिकडून इकडं. आम्ही समोरासमोरून जातो रोज, बसमधून हात करतात. त्यांना देतो राहायला. फणस खावा म्हणावं, फांदी तोडू नये."

"कंगवा?"

"कंगवा माझ्याबरोबर येणार."

*

अठ्ठावीस तारखेला पाळी संपल्यावर तो नलवडे साहेबांच्या खोलीत गेला. साहेबांनी अर्ज पुढे सरकवला. नाव, हुद्दा, सध्याचा पत्ता, अंतर. खाली एक रकाना होता, क्वार्टर घेण्याचं कारण. बहुतेकांनी तिथे 'प्रवासाची झीज' लिहिलं होतं. काहींनी शेजारी आपला आकडाही टाकला होता.

यशवंतने पेन हातात घेऊन जरा विचार केला. मग एका ओळीत लिहिलं आणि सही केली.

साहेबांनी वाचलं. 'जाण्या-येण्याची घरी काळजी करतात.'

उज्ज्वला गेल्याचं त्यांना ठाऊक होतं, म्हणून त्यांनी अडखळत विचारलं. "रेडेकर, घरी आता... कोण असतं?"

"मुलगी आहे की," यशवंत म्हणाला. तेही खोटं नव्हतं.

साहेबांनी शिक्का मारला आणि किल्ली दिली. बाहेर सर्जेराव डबा हलवत उभा होता. गारगोटीची बस निघायच्या बेतात होती, चालकाने यशवंतसाठी दोनदा हॉर्न वाजवला. यशवंतने त्याला हाताने 'जा' म्हणून खूण केली आणि तो सर्जेरावाबरोबर फाटकाच्या डाव्या बाजूला, क्वार्टरच्या वाटेला वळला. पावणेचार वाजले होते. उन्हं अजून कलायची होती.

"आता एवढ्या वेळाचं करणार काय, भावा?" सर्जेराव म्हणाला.

"आज काही नाही," यशवंत म्हणाला. "आज नुसता लवकर पोचतो."